चकलीचं बिऱ्हाड

फ्रिस्कोच्या मराठी मंडळींत रत्ना खानझोडेच्या घरून कुणी अर्धपोटी परत गेल्याचं कुणाला आठवत नाही. बाई मूळची नागपूरची. इथे येऊन पंचवीसेक वर्षं झाली. एका इन्शुरन्स कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका घरी बसून शोधायच्या, ही तिची नोकरी. पण खरा धंदा म्हणजे माणसांच्या पाठी लागणं. ताटातली पोळी संपायच्या आत दुसरी पडते. ताटावर हात आडवा धरलात तर बोटांच्या फटीतून वरण ओतेल, अशी. मनानं लोणी आहे हो, पण जीव नकोसा करते!

हा जाच सगळ्यात जास्त सोसला तो तिच्या एकुलत्या एका मुलीनं, नेत्रानं. नेत्रा सव्वीस वर्षांची, हॉस्पिटलात रेस्पिरेटरी थेरपिस्ट. म्हणजे ज्यांना श्वास घेता येत नाही त्यांच्या उशाशी मशीन घेऊन उभं राहायचं, असलं काम. फोनवर रत्नाच्या प्रश्नांची सरबत्ती सुरू व्हायची. जेवलीस का? काय जेवलीस? एवढंच? आवाज असा का येतोय? त्या मुलाचं पुढे काय झालं? नेत्राची उत्तरं ठरलेली. "हो आई. बरं आई. आई, आय हॅव टू गो." दोन मिनिटांत फोन बंद.

"जरा कमी विचारत जा तिला," तिचा नवरा प्रसाद म्हणायचा.

"विचारू नको तर मग बोलू काय तिच्याशी?"

प्रसाद पुन्हा पेपरात डोकं घालायचा. रत्नाला मात्र हेच आतून खात होतं. पोटची पोर, एका देशात, एकाच भाषेत बोलणारी, आणि बोलायला विषय नाही.

अशात जूनमध्ये नेत्राला काही महिन्यांसाठी सिएटलच्या हॉस्पिटलात काम मिळालं आणि तिनं आईच्या पुढ्यात चकली आणून ठेवली.

चकली म्हणजे साप. घाबरू नका, प्रसाद घाबरला तेवढं पुरे. बॉल पायथन जातीची, अजगरांच्या नात्यातली, पण चारेक फुटांची आणि मनगटाएवढी जाड. विष नाही, आणि चावायला धावण्याचा स्वभावही नाही. भीती वाटली की डोकं मधोमध लपवून अंगाचं वेटोळं करते आणि गप्प पडून राहते. ते वेटोळं बघून नेत्राला दिवाळीचा डबा आठवला आणि नाव पडलं चकली.

"आई, नीट ऐक," नेत्रा म्हणाली. "मी सेट केलंय तसंच ठेव, बाकी काही नको. पण तिनं खाणं सोडलं किंवा तुला जमेनासं झालं तर लगेच सांग. डेंटनला माझा मित्र आहे, केदार. त्याच्याकडे बरेच साप आहेत, तो येऊन घेऊन जाईल. फक्त माझ्याशी खोटं बोलू नको, प्लीज."

"हात्तिच्या! तुला वाढवली, ही तर मुकी आहे बिचारी."

नेत्रा गेली आणि रत्नाच्या घरात नवल घडलं. दर रविवारी व्हिडिओ कॉल यायला लागला, तोही नेत्राकडून! चकली कशी आहे, कात टाकली का, पाणी प्यायली का, उंदीर खाल्ला का. अर्धा-अर्धा तास. मध्येच नेत्रा तिच्या हॉस्पिटलचं काहीबाही सांगायची, हसायची सुद्धा. फोन ठेवल्यावर रत्ना सापाच्या पेटीपाशी जाऊन म्हणायची, "गुणाची गं माझी बाय ती!" चकली इथे असेतो हा रविवार आहे, आणि केदारनं नेली की पुन्हा दोन मिनिटं, हे तिला न सांगता कळलं होतं.

मग एवढ्या गुणी पाहुणीला बरं बिऱ्हाड नको का?

नेत्रानं लावून दिलेली पेटी रत्नाला बघवेना. लांबट, बुटकी, तीन बाजूंनी काळा कागद लावलेली. आत नारळाच्या काथ्याचा ओलसर भुसा, खोट्या पानांची गचडी, आणि दोन टोकांना दोन काळ्या बुटक्या गुहा. चकली दिवसभर त्यातल्या एकीत कोंबून बसलेली. "शी! हे काय खुराडं!" रत्ना म्हणाली. आता तुम्हीच सांगा, आपल्या लोकांना घर म्हटलं की काय लागतं? भरपूर उजेड, मोकळी हवा, पूर्वेचं तोंड, आल्यागेल्याला बसायला ऐसपैस हॉल. रत्नानं स्वतःचं घर घेताना एजंटला याच चार गोष्टींवरून नाकी नऊ आणले होते. मुक्या जिवाला तरी वेगळं काय लागणार?

तिनं मोठ्ठी काचेची पेटी आणली, चारी बाजूंनी लख्ख. भुसा टाकून पांढरेशुभ्र गोटे पसरले. गुहा कचऱ्यात टाकल्या आणि त्यांच्या जागी एक शोभेची लाकडी कमान ठेवली, देवळासारखी. पेटी मांडली हॉलमध्ये, देवघराशेजारी, वरून एसीची गार झुळूक येते तिथे. खालची गरम चटई आणि तिचा थर्मोस्टॅट तेवढा लावला, तोही नेत्रानं बजावलं होतं म्हणून. नेत्राला मात्र सांगितलं नाही. परत आली की थक्क होईल, असा बेत होता. व्हिडिओवर ती फक्त चकलीचं तोंड दाखवायची, अगदी जवळून.

"रत्ने, काय करून राहिली तू?" प्रसादनं सोफ्याच्या पलीकडून विचारलं. "ती लपून बसली होती तेच बरं होतं. आता टीव्ही बघताना माझ्याकडे टक लावून बसते."

"बसू दे. घरचीच आहे."

तेवढ्यात आली नागपंचमी. दरवर्षी या घरी पाटावर चंदनानं नाग काढून पूजा व्हायची. यंदा साक्षात घरात असताना चंदनाचा कशाला? रत्नानं सगळ्या मैत्रिणींना बोलावलं. पुरणाची दिंडं उकडली, पेटीला झेंडूची माळ घातली. एकीनं काचेवर हळदकुंकू लावलं, कुणी धूप फिरवला, कुणी घंटा वाजवली. दोघी-तिघींनी काचेवर टकटक करून "इकडे बघ ना गं" म्हणत सेल्फी काढले. दूध ठेवायचं का, असं एकीनं विचारलं, तेव्हा रत्नानं तिला ठणकावून सांगितलं, "छे, साप दूध पीत नाही. मी सगळं वाचलंय." वाचलं होतं खरं, पण आपल्या सोयीचं तेवढंच.

चकली दिवसभर कमानीखाली वेटोळं करून होती, डोकं आत. "कशी शांत बसली बघा, देवाचीच!" असं कौतुक झालं.

त्या आठवड्यात तिनं उंदीर खाल्ला नाही.

हे उंदीर मेलेले, गोठवलेले मिळतात. गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये त्यांचा डबा, त्यावर प्रसादनं मोठ्या अक्षरांत 'मटार नाही' असं लिहून ठेवलेलं. उंदीर आधी गार पाण्याच्या पातेल्यात मऊ करायचा, मग कोमट पाण्यात गरम, आणि लांब चिमट्यानं पुढे धरायचा. रत्नानं धरला. चकलीनं मान फिरवली.

आता रत्नाच्या हातून कुणी खात नाही म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी धरला. तिसऱ्या दिवशी हलवून धरला. "एक घास गं, माझ्यासाठी. बघ, किती छान गरम आहे." चौथ्या दिवशी थेट नाकाला लावला, तशी चकली काचेवर आपटून मागे सरली. मग तिला बाहेर काढून मांडीवर घेऊन गोंजारलं, पुन्हा आत ठेवलं, पुन्हा उंदीर. प्रसाद म्हणाला, "पाहुण्यांवर करते तेच करतेस तू." रत्ना म्हणाली, "मग? पाहुणे खातात की नाही?"

रविवारी नेत्रानं विचारलं, "खाल्लं?"

रत्नाच्या तोंडून निघून गेलं, "हो, खाल्लं की."

पुढच्या रविवारीही तेच. आणि त्याच्या पुढच्या. फोन अर्धा तास चालायचा, पण आता रत्नाला त्यातलं अक्षर ऐकू येत नसे. चकलीच्या पाठीचा कणा वर दिसायला लागला होता. ती रात्रंदिवस काचेच्या कडेनं फेऱ्या मारायची, नाक घासून घासून तिथलं एक खवल सोललं होतं. रत्नाच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीचं लाडकं जनावर आपल्या घरात उपाशी मरतंय, आणि आपण तिला खोटं सांगतोय!

शेवटी चकलीला एका पेटाऱ्यात घालून तिनं गाडीतून प्लेनोला सापा-सरड्यांच्या डॉक्टरणीकडे नेलं. त्या बाईंनी चकलीला उलटीपालटी तपासली. रोग काही नव्हता. मग रत्नानं फोनमधला नव्या पेटीचा फोटो मोठ्या अभिमानानं पुढे केला. बाईंनी तो बराच वेळ पाहिला.

"यात ती लपते कुठे?"

"लपायचं कशाला? आमच्या घरात तिला त्रास देणारं कोण आहे?"

"ते तुम्हाला माहीत आहे, तिला नाही," बाई म्हणाल्या. "उघड्यावर तिला वाटतं, दिसेल तो आपल्याला खायला आलाय. तिला अंग चारी बाजूंनी टेकेल अशी अंधारी, घट्ट जागा हवी. ती द्या. आणि मग तिला एकटं सोडा. बघू नका, हात लावू नका, खा म्हणू नका."

अहो, रत्नाला कुणी कडू काढा दिला असता तर तिनं गटागटा प्यायला असता. पण एकटं सोडा? हे औषध तिच्या सात पिढ्यांत कुणी घेतलं नव्हतं. गाडीत बसल्यावर तिला रडू फुटलं. पार्किंगमध्येच पुष्कळ रडली, आणि रविवारची वाट न बघता तिनं नेत्राला फोन लावला.

सगळं सांगितलं. पांढरे गोटे, कमान, नागपंचमी, मांडीवर घेणं, आणि खोटं बोलणं.

मग नेत्रा इंग्रजीतच बोलली, हळू आवाजात. "मी फक्त एवढंच म्हटलं होतं, जसं आहे तसं ठेव. आई, तू माझं कधीच ऐकत नाहीस. कधीच. शनिवारी केदार येऊन तिला नेईल."

एरवी रत्नानं दहा कारणं सांगितली असती. या वेळी म्हणाली, "तुझं बरोबर आहे. पण आणखी एकदा लावू दे मला. तू सांगशील तेवढंच करीन, वर एक काडी नाही. नाही जमलं तर केदारला मी स्वतः फोन करीन."

"घरी जा," नेत्रा म्हणाली. "आणि व्हिडिओ ऑन कर."

मग नेत्राच्या जुन्या खोलीत दोघींचं काम सुरू झालं, एक फ्रिस्कोत, एक सिएटलमध्ये. पहिली बुटकी पेटी गॅरेजमधून आली. खोलीतलं एसीचं तोंड बंद केलं. तीन बाजूंचा काळा कागद पुन्हा नीट चिकटवला. दुकानातून नवा काथ्याचा भुसा आणला, चार बोटं जाड पसरला, मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतपत ओला केला. हे रत्नाला पटकन जमलं, मुटक्यांचं पीठ असंच असतं. गरम चटई पेटीच्या एका टोकाखाली. एक टोक उबदार, दुसरं गार, म्हणजे तिला हवं तिथे सरकता येतं. मधे खोट्या पानांची गर्दी, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आडोशानं जाता यावं म्हणून.

राहिल्या गुहा. त्या रत्नानं टाकून दिलेल्या, आणि दुकानातल्या सगळ्या ऐसपैस.

"एकसारख्या दोन हव्यात," नेत्रा म्हणाली. "एक गरम बाजूला, एक गार बाजूला. वेगळ्या असल्या तर ती आवडत्या गुहेतच बसून राहते, उकडलं तरी, गारठली तरी. तिला ऊब हवी की लपायला हवं, असं निवडायला लावायचं नाही."

रत्ना उठली आणि स्वयंपाकघराचं खालचं कपाट उघडलं. आता इथल्या कुठल्या मराठी घरात दह्याचे मोठाले रिकामे डबे साठलेले नसतात? तिच्याकडे ते एकात एक घातलेले उभे होते, छतापर्यंत म्हटलं तरी चालेल. तिनं दोन सारखे डबे उलटे करून कॅमेऱ्यापुढे धरले. "हे चालतील?"

नेत्रा एवढी हसली की तिचा फोन हातातून पडला. "चालतील! आई, चालतील! आतून अंग टेकेल तिचं." प्रसादनं लांबूनच कात्री दिली. रत्नानं प्रत्येक डब्याला एकच दार कापलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, बाहेरून काळा कागद चिकटवला. चकलीला आत सोडलं. तिनं जीभ बाहेर काढून अंदाज घेतला, पानांखालून सरपटत गेली आणि गरम बाजूच्या डब्यात शेपटीसकट नाहीशी झाली.

"आता दार लाव आणि बाहेर ये," नेत्रा म्हणाली. "पाणी बदलायचं तेवढं जायचं. उंदीर मी सांगेन तेव्हा."

पुढचे दिवस रत्नानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. दिवसातून दहा वेळा त्या दारापर्यंत जायची, मुठीला हात लावायची आणि परत यायची. कामात लक्ष लागेना. एकदा प्रसादनं तिला दाराला कान लावून उभी असलेली पकडली. "साप आहे तो, रत्ने. घोरत नाही."

मग एका संध्याकाळी नेत्रानं सांगितलं तसा तिनं उंदीर गरम केला, दिवा न लावता आत गेली आणि डब्याच्या दारापासून वीतभर लांब धरला. हलवला नाही. तोंडातून चकार शब्द काढला नाही. हात भरून आला. डब्याच्या अंधारातून आधी जीभ आली, मग नाक, आणि मग झडप अशी पडली की रत्ना चिमट्यासकट खाली बसली. चकली उंदराला विळखा घालून डब्यात शिरली. रत्नाचा जीव भांड्यात पडला. तिनं दार लावून घेतलं आणि नेत्राला फोन केला, पण रडण्यापुढे बोलता येईना. नेत्राच म्हणाली, "खाल्लं ना? खाल्लं ना, आई?"

त्यानंतरचे रविवार सोन्यासारखे गेले. चकली अंगानं भरली. आणि ऑक्टोबरात नेत्राचं काम संपलं.

ती सिएटलहून परतली ती सरळ फोर्ट वर्थच्या नोकरीवर. तिथल्या अपार्टमेंटात साप चालत होता. एका सकाळी ती आली, पेटी, डबे, चटई सगळं गाडीत भरलं, आईला मिठी मारली, "थँक यू" म्हणाली आणि गेली. रत्नानं चटईची वायर गुंडाळून दिली, पानं पुसून दिली, हसत हात हलवला. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर घरात येऊन ती जुन्या खोलीत बसली. प्रसादनं चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

पहिल्या रविवारी फोन आला नाही. रत्नानंही केला नाही. करावासा वाटला नाही असं नव्हे, बोटं शिवशिवत होती. पण म्हणाली, "तिला लावायचा तेव्हा लावेल."

दुसऱ्या आठवड्यात मधल्याच वारी फोन वाजला.

"आई, चकली खात नाहीये. नवी जागा. मी रोज बघते आहे, काय करू?"

"बघू नको," रत्ना म्हणाली. "तिला जागेची सवय होऊ दे. पेटीवर चादर टाक आणि दहा-बारा दिवस विसरून जा. खाईल."

"शुअर?"

"शुअर."

बोलणं झालं. आता 'आय हॅव टू गो' येणार, म्हणून रत्नानं फोन कानापासून थोडा दूरही नेला.

"आई, शनिवारी येशील?"

"अगं, आत्ताच सांगितलं ना, तिला उघडायचं नाही. मी येऊन काय बघणार?"

"चकलीसाठी नाही," नेत्रा म्हणाली. "मला सुट्टी आहे. अशीच ये."

शनिवारी रत्ना एकटीच गाडी हाकत फोर्ट वर्थला गेली. नेत्रानं दार उघडलं. डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले. रत्नाच्या जिभेवर एकदम सतरा प्रश्न आले. तिनं एकही विचारला नाही. चप्पल काढली आणि सोफ्याच्या एका टोकाला बसली. नेत्रा आत गेली, बाहेर आली, खिडकीपाशी उभी राहिली, पुन्हा आत गेली. रत्ना बसून राहिली. समोरच्या पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी धूत होतं, ते बघत.

मग नेत्रा येऊन तिच्या शेजारी बसली. पाय वर घेतले, आईच्या खांद्याला खांदा टेकवला, आणि मराठीत म्हणाली, "सिएटलला माझा एक पेशंट होता, आई. त्याचं मी कुणालाच सांगितलं नाहीये."

रत्नानं मान हलवली. नेत्रा सांगायला लागली, आणि अंधार पडला तरी दोघींपैकी कुणी दिवा लावायला उठलं नाही.